व्हिसा विम्याविना मिळतो, पण इथली पॉलिसी बंद करू नका

पत्र :

"ताई, मी साताऱ्याचा. वय ६४. पाटबंधारे खात्यातून २०१९ मध्ये निवृत्त झालो. पेन्शन हातात ५४ हजार येते. ग्रॅच्युइटी, पेन्शन विक्री आणि फंडाचे मिळून ३१ लाख एफडीत आहेत. २०२१ मध्ये अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट टाकलेत. सौ. ६१ वर्षांची, तिला दहा वर्षांपासून शुगर. माझा खात्यातलाच एक मित्र तीन वर्षांपासून थायलंडमध्ये चियांग माईला राहतो. आम्ही दोनदा जाऊन आलो, गाव फार आवडलं. तिकडेच स्थायिक व्हावं असं वाटतंय. पण तिथला आरोग्य विमा मला मिळत नाही. स्टेंटचं कळल्यावर दोन कंपन्यांनी नकार कळवला. मित्र म्हणतो, विम्याशिवायही निवृत्तीचा व्हिसा मिळतो, आठ लाख बाट तिथल्या बँकेत ठेवायचे, तोच आपला विमा. हे खरं आहे का? दुसरं, इथल्या आमच्या पॉलिसीला वर्षाला ५८ हजार जातात आणि ती तिकडे चालत नाही. ती बंद करून ते पैसे तिथल्या खर्चाला वापरावेत असं मनात आहे. सौ.ची तशी काही हरकत नाही."

दादा, नमस्कार.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. व्हिसाचं काम या वर्षी नाही झालं तर पुढच्या वर्षी होईल, पॉलिसी मात्र एकदा गेली की गेली. ती बंद करू नका. हप्त्याची तारीख जवळ आली असेल तर हे वाचायचं थांबवा, आधी हप्ता भरा आणि मग पुढे वाचा.

मी बावीस वर्षं विमा दाव्यांच्या टेबलावर काढली. एवढ्या वर्षांत मला सर्वांत जास्त त्रास झाला तो नामंजूर दाव्यांचा नाही, तर "आम्ही मागच्याच वर्षी पॉलिसी सोडली हो" असं सांगत फाईल पुढे करणाऱ्या माणसांचा. त्यांच्यासाठी काहीच करता येत नसे.

तुमच्या पॉलिसीत काय जमा झालंय ते बघा. तुमच्या अँजिओप्लास्टीच्या आधीपासून ती चालू असेल, तर स्टेंट हा त्या कंपनीच्या लेखी पॉलिसी घेतल्यानंतरचा आजार आहे. जुन्या आजारांसाठीचा थांबण्याचा काळ, जो आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, तो संपलेला आहे. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की कंपनीला "तुम्ही सुरुवातीला अमुक माहिती दडवली होती" असं म्हणून दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच. तुम्ही आधी दावा केलात म्हणून नूतनीकरणही नाकारता येत नाही. हे सगळं तुम्ही वर्षानुवर्षं हप्ते भरून मिळवलंय. पॉलिसी बंद केलीत आणि तीन वर्षांनी, ६७ व्या वर्षी, परत आलात तर नव्या कंपनीच्या दारात नवखे म्हणून उभे राहाल. एप्रिल २०२४ पासून विमा घ्यायला वयाची अट राहिलेली नाही हे खरं, पण वय चालतं म्हणजे स्टेंट चालतो असं नाही. कंपनी तपासण्या करून जादा हप्ता लावू शकते, नाही म्हणू शकते, आणि हो म्हणाली तरी हृदयासाठी पुन्हा थांबायला लावू शकते.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय. तुम्ही लिहिलेले ५८ हजार जीएसटीसह असतील तर मूळ हप्ता ४९ हजारांच्या आसपास निघतो. नव्या पावतीवर करासह आकडा दिसला तर एजंटला विचारा.

ही पॉलिसी तिकडे चालत नाही, हे तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही तिकडे राहायला गेलात तरी एखादी ठरवून करायची शस्त्रक्रिया, दुसरी अँजिओप्लास्टी, वहिनींच्या डोळ्यांचं काही, हे सगळं तुम्ही इथे येऊनच करणार. तेव्हा हीच पॉलिसी कामाला येईल.

आता व्हिसा. तुमचा मित्र अर्धं खरं बोलतोय.

थायलंडमध्ये निवृत्तांसाठी दोन रस्ते आहेत आणि नावं इतकी सारखी आहेत की भलेभले चुकतात. एक 'ओ-ए', दुसरा नुसता 'ओ'. दोन्हींसाठी वय ५० पूर्ण हवं. ओ-ए आपल्याच देशातून काढायचा असतो आणि त्याला आरोग्य विमा सक्तीचा आहे. ३१ ऑक्टोबर २०१९ ला ही सक्ती आली तेव्हा बाह्यरुग्ण उपचारांसाठी ४० हजार आणि दाखल झाल्यास ४ लाख बाटांचं कवच मागत होते. २०२१ मध्ये ते ३० लाख बाट, म्हणजे १ लाख डॉलरवर नेलं. दरवर्षी मुदत वाढवतानाही विम्याचा कागद लागतो. तुमच्यासाठी हा रस्ता बंद आहे असं धरा.

नुसता 'ओ' आधी ९० दिवसांचा मिळतो आणि मग चियांग माईच्या इमिग्रेशन कार्यालयात निवृत्तीच्या कारणाने वर्षभराची मुदतवाढ घ्यायची. या मुदतवाढीला आरोग्य विमा लागत नाही. लागतात ते पैसे : स्वतःच्या नावावर थाई बँकेत ८ लाख बाट, किंवा महिन्याला ६५ हजार बाटांचं उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख. बाट पावणेतीन रुपयांचा धरला तर तुमच्या पेन्शनचे जेमतेम वीस हजार बाट होतात, म्हणजे उत्पन्नाचा मार्ग तुमचा नाही. तुम्हाला ८ लाखच ठेवावे लागतील. रुपयांत साधारण २२ लाख. मुदतवाढीची फी १,९०० बाट. मग दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, आणि मध्येच भारतात यायचं असेल तर निघण्यापूर्वी पुन्हा प्रवेशाचा परवाना काढायचा, एका वेळेचा १,००० बाट, अनेक वेळांचा ३,८००. तो न काढता निघालात तर वर्षभराची मुदत विमानतळावरच संपते. तुमच्या मित्राला हे सगळं पाठ असेल.

म्हणजे विम्याशिवाय व्हिसा मिळतो का? मिळतो. नियमात बसून मिळतो, त्यात काही लपवाछपवी नाही. फक्त एक सांभाळा. तिकडे काही एजंट "पैसे नसले तरी चालतील, आम्ही चार दिवस तुमच्या खात्यात टाकून काढून घेऊ" असं सांगतात. त्यांच्या दारातही उभं राहू नका. पकडले गेलात तर देशातून हकालपट्टी तुमची होते, एजंटची नाही.

मित्राच्या दुसऱ्या वाक्याने मात्र मला काळजी वाटली. "तोच आपला विमा." दादा, तो विमा नाही. असूच शकत नाही. त्या ८ लाखांचा नियम बघा : मुदतवाढीच्या अर्जाआधी दोन महिने पूर्ण रक्कम खात्यात हवी, मुदतवाढ मिळाल्यावर तीन महिने पूर्ण रक्कम तशीच हवी, आणि उरलेल्या काळात शिल्लक ४ लाखांच्या खाली जाता कामा नये. म्हणजे वर्षातले पाच महिने तुम्ही त्यातला एक बाटही काढू शकत नाही आणि बाकीचे सात महिने अर्धेच. छातीत दुखलं ते नेमकं त्या पाच महिन्यांत, तर? पैसे काढलेत तर पुढची मुदतवाढ गेली. नाही काढलेत तर बिल कशातून भरणार? ज्या पैशांवर तुमचं तिथलं राहणं उभं आहे तेच पैसे आजारपणाला वापरायचे म्हटलं, तर खाटेवरून उठल्याबरोबर बॅगा भराव्या लागतील.

थायलंडमध्ये ३० बाटांत उपचार होतात असंही कोणीतरी सांगेल. ती योजना २००२ पासून आहे आणि खरोखर नावाजण्यासारखी आहे, पण ती थाई नागरिकांसाठी आहे. तुम्ही निवृत्तीच्या व्हिसावर राहणारे परदेशी. चियांग माईत विद्यापीठाचं मोठं सरकारी रुग्णालय आहे, महाराज नखोन, गावातले लोक त्याला सुआन डॉक म्हणतात. डॉक्टर उत्तम. पण सरकारी रुग्णालयांतही परदेशी माणसांचे दर थाई नागरिकांपेक्षा जास्त असतात, आणि खासगीत दाखल होताना अनामत रक्कम मागतात. पैशांची सोय काय, हे तिथे पहिल्या तासातच विचारलं जातं.

हे मी घरातलं बघितलंय. माझ्या आत्याचे यजमान आणि आत्या हिवाळ्यात थायलंडच्या एका समुद्रकाठच्या गावी दोन महिने राहायला गेले होते. शनिवारी रात्री जेवण झाल्यावर काकांच्या छातीत कळ आली. अॅम्ब्युलन्स वेळेवर आली, डॉक्टरांनी झटपट निदान केलं, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अँजिओग्राफीआधी दोन लाख बाट भरा म्हणाले. काकांच्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते. ते चालू करायला ओटीपी हवा, आणि ओटीपी ज्या नंबरवर येणार ते सिमकार्ड आत्याने "तिकडे कशाला रोमिंगचा खर्च" म्हणून कोल्हापूरच्या घरी टीव्हीच्या कपाटातल्या ड्रॉवरमध्ये ठेवलेलं! मुलगा पुण्यात. त्याने रात्री साडेअकराला मला फोन केला, कारण "तुला विम्यातलं कळतं". बँकेतून परदेशी पैसे पाठवायचे तर फॉर्म, पॅन, सही, आणि बँक उघडणार सोमवारी. शेवटी शेजारच्या खोलीतल्या एका अनोळखी केरळी गृहस्थाने स्वतःचं कार्ड पुढे केलं. काका वाचले. आत्या अजून त्या गृहस्थाला दिवाळीत फराळ पाठवते. पण आत्या त्या रात्री अडीच वाजेपर्यंत कॅश काउंटरसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मंगळसूत्र आणि बांगड्या रुमालात बांधून बसली होती, काउंटरवर द्यायला, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून मी हा विषय हसण्यावारी नेऊ देत नाही.

म्हणून हिशेब असा मांडा. व्हिसाचे ८ लाख बाट वेगळे. त्यांना हात लावायचा नाही. त्याशिवाय आजारपणाचा निधी वेगळा. किती? थाई सरकारनेच विम्यासाठी ३० लाख बाट धरलेत. परदेशी माणसांची बिलं थकायची म्हणूनच त्यांनी ही सक्ती आणली, आणि आकडा अनुभवाने वाढवत नेला. तुम्हाला एवढे शक्य नाहीत, कबूल. पण आधीच्या नियमात दाखल होण्यासाठी जे किमान ४ लाख बाट होते, म्हणजे सुमारे ११ लाख रुपये, तेवढे तरी मोकळे, चोवीस तासांत हाताला लागतील असे हवेत. माझ्या मते ही खालची रेघ आहे, तुमच्या हृदयाचा इतिहास बघता.

तुमच्याकडे ३१ लाख आहेत. २२ व्हिसात अडकले की ९ उरतात. त्यात घरभाड्याची अनामत, तिकिटं, तिथला संसार मांडणं, आणि साताऱ्याचं घर बंद ठेवलं तरी त्याची पट्टी. दादा, रेघेच्या खाली आहात तुम्ही. म्हणून आज कायमचं जाऊ नका, असंच मी सांगेन. तुमची हौस मला पोरकट वाटत नाही. आयुष्यभर कालव्यांच्या कडेने जीपमधून फिरल्यावर माणसाला एखादं शांत, हिरवं गाव हवं वाटणारच.

आणि आता ते शेवटचं वाक्य. "सौ.ची तशी काही हरकत नाही." या 'तशी'वर मी बराच वेळ थांबले.

वहिनींच्या बाजूने बघा. सोपा मार्ग म्हणून त्या तुमच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदार म्हणून जातील; त्यात ८ लाख एकदाच दाखवावे लागतात. पण मग त्यांचं तिथलं राहणं तुमच्या मुदतवाढीला बांधलेलं राहतं. बँकेतले पैसे तुमच्या एकट्याच्या नावावर. उद्या तुम्हाला काही झालं तर त्यांचा राहण्याचा आधार संपतो आणि खातं गोठतं, एकाच आठवड्यात, भाषा न येणाऱ्या गावात. हे लिहायला मला जड जातंय, पण तुम्ही दोघांनी समोरासमोर बसून बोलायला हवं. पुढेमागे जायचं ठरलंच तर थायलंडमधल्या पैशांपुरतं वेगळं मृत्युपत्र तिथल्या वकिलाकडून करून घ्या. आणि जोडीदार म्हणून जायला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. तुमच्या पिढीतल्या पुष्कळ जणांकडे लग्नपत्रिका आणि अल्बम असतो, दाखला नसतो. नसेल तर नगरपालिकेत जाऊन आताच नोंदणी करून घ्या, उशिरा झाली तरी होते. हा कागद थायलंडला गेलात नाही गेलात तरी उपयोगाचा आहे.

मग काय करायचं? माझं मत, तीन महिन्यांचं चियांग माई करा. दरवर्षी.

थायलंडचा टुरिस्ट व्हिसा ६० दिवसांचा मिळतो आणि तिथल्या इमिग्रेशनमध्ये १,९०० बाट भरून आणखी ३० दिवस वाढवता येतो. म्हणजे नव्वद दिवस. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बँकेत हयातीच्या यादीवर सही करा आणि निघा. जानेवारीच्या शेवटी परत. हाच काळ का, तर हवा थंड आणि कोरडी असते, आणि बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास तिथला लोय क्राथोंग हा सण येतो. पिंग नदीत केळीच्या खुंटाच्या चकतीवर पानांचे द्रोण आणि त्यात दिवे सोडतात. कृष्णेच्या घाटावर दिवे सोडणाऱ्या वहिनींना ते परकं वाटणार नाही.

फेब्रुवारी ते एप्रिल मात्र तिथे थांबूच नका. तुम्ही दोनदा गेलात ते कोणत्या महिन्यांत, लिहिलं नाहीत. त्या काळात शेतातला पालापाचोळा आणि डोंगरातलं रान जळतं, धूर खोऱ्यात कोंडतो, आणि मार्चमध्ये चियांग माई जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत वर असतं. समोरचा दोई सुथेप डोंगर कित्येक दिवस दिसत नाही. स्टेंट असलेल्या माणसाने त्या हवेत सकाळचा फेरफटका मारू नये. बारा महिन्यांचं भाडं भरून बसलात तर हे तीन महिने पळायचं कुठे?

तीन महिन्यांच्या मुक्कामाचा दुसरा मोठा फायदा असा की भारतातून ज्येष्ठांचा प्रवास विमा काढता येतो. एका प्रवासाला साधारण १८० दिवसांपर्यंत मिळतो. निघण्यापूर्वीच घ्यायचा, तिकडे पोचल्यावर नाही. फॉर्मवर स्टेंट लिहा, शुगर लिहा, काही दडवू नका. जुन्या आजारांसाठी बहुतेक पॉलिसी फक्त जिवावर बेतलेल्या वेळी आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच पैसे देतात. ती मर्यादा कुठल्या पानावर किती लिहिली आहे ते एजंटकडून बोट ठेवून दाखवून घ्या. हा संपूर्ण विमा नव्हे, तरी पहिल्या रात्रीचा आधार नक्की आहे.

आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. दोघांची सिमकार्डं रोमिंग चालू ठेवून बरोबर न्या. दोन वेगळ्या बँकांच्या कार्डांवर परदेशी व्यवहाराची मर्यादा घरूनच वाढवून ठेवा, आणि तिथे पोचल्यावर किराणा दुकानात एकदा वापरून बघा. अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड, शेवटचा ईसीजी आणि औषधांची मूळ नावं लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, वहिनींच्याही पर्समध्ये एक प्रत. तिथला अॅम्ब्युलन्सचा नंबर १६६९. चियांग माईत आपल्या देशाचं वाणिज्य दूतावास आहे. पत्ता आणि फोन निघण्याआधी वहीत लिहून घ्या, मोबाईलची बॅटरी संपते.

दोन-तीन हिवाळे असे काढून बघा. त्यानंतरही कायमचं जावंसं वाटलं आणि निधी ११ लाखांच्या वर नेता आला, तर 'ओ'चा मार्ग तेव्हाही बघता येईल. तेव्हा पैसे पाठवताना एवढं ध्यानात ठेवा : एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते तो कर, लागत नाही, त्यावरच्या रकमेवर २० टक्के कापतात. विवरणपत्र भरल्यावर ते परत मिळतात, पण तोपर्यंत अडकतात. म्हणून १० लाख मार्चमध्ये आणि पुढचे एप्रिलमध्ये पाठवा. रक्कम परदेशातून आल्याचा थाई बँकेचा कागद जपा, इमिग्रेशन तो मागतं. वर्षात १८० दिवस तिथे राहिलात की थायलंडच्या लेखी तुम्ही तिथले करनिवासी होता, आणि २०२४ पासूनची बाहेरची मिळकत तिथे आणली तर तिच्यावर कर लागू शकतो. १ जानेवारी २०२४ आधीच्या बचतीवर तो नाही. तुमची ग्रॅच्युइटी २०१९ ची आहे, म्हणून ३१ डिसेंबर २०२३ ला बँकेत किती होतं ते दाखवणारं पासबुक किंवा एफडीची पावती फाडू नका.

पॉलिसीचा हप्ता भरल्याची पावती मिळाली की मला दोन ओळी कळवा. आणि एक विनंती. पुढचं पत्र वहिनींनी लिहावं. त्यांची हरकत आहे की नाही, असली तर कशाला, आणि साताऱ्यातलं काय काय त्यांना मागे टाकवत नाही, ते मला त्यांच्याच अक्षरात वाचायचंय.